बस्त्याचे शिक्के

एकसष्ट सालच्या दसऱ्याला अमरावतीच्या दुकानदारांना काय झालं कोण जाणे, तीन दुकानांनी एकदमच इनामी कार्डं काढली. कार्ड म्हणजे साधा जाड कागद, त्यावर चौकटी छापलेल्या. माल घेतला की दुकानदार चौकटीत जांभळा शिक्का मारणार आणि सगळ्या चौकटी भरल्या की बक्षीस देणार. बायका अशा धावल्या की जणू माल फुकटच वाटताहेत. शेजारच्या पार्वताबाईंनी तर तिन्ही दुकानांची कार्डं आणून देवघरात ठेवली. तिथं ती वर्षभर कोरीच राहिली.

वकिलाचे कारकून चिंतामणराव यांची धाकटी मुलगी विमल हिनं मात्र एकच कार्ड घेतलं, आणि तेही आठ दिवस विचार करून. तिन्ही दुकानांत जाऊन तिनं नियम विचारले, इतके की एका नोकरानं तिला 'बाई, तुमी जप्तीवाल्या तं नाही ना?' म्हणून विचारलं. किराणा दुकानात शिक्का मिळायचा तो फक्त रोखीवर, आणि विमलच्या घरी पगाराचा दिवस सोडला तर रोख कोणी बघितलेली नव्हती. भांड्यांच्या दुकानाचं कार्ड घेऊन काय करायचं? घरातली भांडी आजीच्या रुखवतातली, वर्षातून एकदा कल्हई लावली की ती पुन्हा नवी व्हायची. राहिलं खुशालशेठचं कापडदुकान. त्यांचं एक दुकान अमरावतीला, एक अकोल्याला. दहा रुपयांच्या कापडाला एक शिक्का, दीडशे शिक्के भरले की हातानं चालवायचं शिवणयंत्र. विमलनं तेच कार्ड घेतलं.

आईनं, गोदावरीबाईंनी कपाळाला हात लावला. "अव पोरी, आपल्या घरात दिवाळीले साठ-सत्तर रुपयांचं कापड येते. दीडशे शिक्के भरता भरता तुहे केस पांढरे होतीन!"

"दरसालचं नको पाहू आई, यंदाचं पाहा," विमल म्हणाली. "यंदा ताईचं लग्न हाये. यंदाचा पैसा कापडात जाणार. पैसा जिथं जाते, तिथलंच कार्ड घ्यावं माणसानं. कार्ड घेतलं म्हणून पैसा घालवणं हा येडेपणा हाये."

चिंतामणराव पान लावत होते, ते हसले. "पोट्टी वकील व्हायची, ते चुकून शिंपीण झाली."

चिंतामणराव हसले, पण त्या मशिनात विमलचा जीव अडकला होता. तिनं शिवणाची सरकारी परीक्षा दिली होती आणि पहिल्या वर्गात पास झाली होती. मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाईंनी सांगून ठेवलं होतं, जूनपासून शाळेच्या गणवेशाचं काम बाहेर द्यायचं आहे, जिच्याकडे स्वतःचं मशीन असेल तिला देऊ. आणि दुसरीकडे चांदूर रेल्वेचं एक स्थळ घराच्या उंबऱ्याशी येऊन बसलं होतं. कमलाकांत नावाचे मास्तर, वय बेचाळीस, पहिली बायको वारलेली, दोन मुलं. विमल एकोणीस वर्षांची. तिनं दोन दिवस जेवण सोडलं तेव्हा वडील म्हणाले होते, "बरं बाप्पा. जूनपर्यंत शाळेचं काम मिळव. मिळालं तर चांदूरले नाही कळवतो."

विमलला तेवढं पुरेसं होतं. तिनं कंबर कसली.

हिशेब तिनं अनुपमाच्या पुढ्यात बसून केला. अनुपमा तिची थोरली बहीण, दोघींत तीन वर्षांचं अंतर, आणि एका अंथरुणात झोपून वाढलेल्या. बस्ता, म्हणजे लग्नाची कापडखरेदी, वऱ्हाडात दोन्हीकडची मंडळी एकाच दुकानाच्या गादीवर बसून करतात. नवरीचा शालू, नवरदेवाचा पोशाख, विहिणींची लुगडी, मामांच्या टोप्या, सगळं एका बैठकीत. अनुपमाचं अकोल्याला ठरत आलं होतं आणि दोन्हीकडचा बस्ता चिंतामणरावांनी करायचा होता. अकराशे रुपये तरी जाणार. म्हणजे एकशेदहा शिक्के. चाळीस विमलनं गोळा करायचे.

"होते का नाही ताई?"

"होते व," अनुपमा म्हणाली, आणि तिच्या डोक्यावर टपली मारली. "तुहं डोकं ना, माह्या सासरी असतं तर राज्य केलं असतं."

चाळीस शिक्के गोळा करणं म्हणजे काय खायचं काम नव्हतं. विमल पार्वताबाईंना घेऊन खुशालशेठच्या दुकानात गेली, त्यांच्या तीन लुगड्यांचे शिक्के आपल्या कार्डावर घेतले आणि बदल्यात त्यांच्या पोरींची परकर-पोलकी हातानं शिवून दिली. मोर्शीची मावशी आली, तिला संत्र्याच्या बागेतल्या माणसांसाठी घोंगड्या हव्या होत्या; खुशालशेठकडे घोंगड्या नव्हत्या, म्हणून विमलनं तिला सोलापुरी चादरी घ्यायला लावल्या. गल्लीत कोणाला पडदा लागो, कोणाला अंगडं-टोपडं, विमल पुढे. चैत्र लागेपर्यंत तिच्या कार्डावर एक्केचाळीस शिक्के झाले. कार्ड ती पेटीत, परीक्षेच्या सर्टिफिकेटाखाली ठेवायची.

चैत्रात बस्त्याचा दिवस आला. अकोल्याहून विहीणबाई कौशल्याबाई चार माणसं घेऊन आल्या. मोठ्या बांध्याची, मोठ्या आवाजाची, पोटात काही न ठेवणारी बाई. खुशालशेठनी गादीवर स्वच्छ चादर अंथरली, चहा मागवला, आणि थानांमागून थानं उलगडत गेली. तीन तास चाललं होतं. विमल हातात कार्ड धरून कोपऱ्यात बसली होती आणि मनातल्या मनात दहा-दहाचे ढीग रचत होती. शेवटी एकशेतेरा शिक्क्यांची खरेदी झाली. विमलनं हुश्श केलं.

"कार्ड कोणाचं हाये?" खुशालशेठनी शिक्क्याची डबी उघडत विचारलं.

विमल उठली. तेवढ्यात कौशल्याबाईंनी कमरेच्या पिशवीतून कार्ड काढलं. "हे घ्या. अकोल्याच्या दुकानाचं हाये, चालते ना इथं?"

"न चालायला काय झालं!" खुशालशेठ म्हणाले.

विमल उभीच राहिली. तिनं वडिलांकडे पाहिलं. चिंतामणरावांनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या हातातल्या कार्डाकडे पाहिलं, आणि विहीणबाईंकडे वळून तोंडभर हसले. "हो हो, तुमच्याच कार्डावर मारा. आमचं-तुमचं काही येगळं हाये का आता?"

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! पण व्याह्यासमोर बोलायचं कसं? गोदावरीबाईंनी विमलच्या दंडाला चिमटा घेऊन तिला खाली बसवलं. शिक्के पडू लागले. ठप, ठप, ठप. अनुपमा शालूचा काठ बोटांत धरून बसली होती, तिनं मान वर केली नाही. खुशालशेठनी कार्ड परत देताना विमलनं वरची तारीख वाचली, मार्गशीर्षातली होती. एकोणचाळीस शिक्के आधीचेच होते. म्हणजे कौशल्याबाईंनीही बस्त्यावर डोळा ठेवूनच ते कार्ड भरत आणलं होतं. असतात काही बायका हुशार, विमलला वाटलं.

घरी येऊन ती रडली. वडील म्हणाले, "व्याह्याच्या तोंडावर नाही म्हणतो का कोणी? पुढं पाहू काहीतरी." अनुपमानं तिला जवळ घेतलं. "रागावू नको व विमे. मी तरी काय बोलणार होती तिथं?"

आणि विमल रागावली नाही. ताईचा काय दोष? नव्या सुनेनं सासूच्या हातातलं कार्ड ओढायचं का? तिनं डोळे पुसले, ताईची चोळी शिवली, रुखवत मांडलं, लग्नात करवली म्हणून मिरवली. जून अजून महिनाभर लांब होता. मशीन हप्त्यानं मिळतं का, ते ती चौकशी करत होती.

लग्नानंतर अनुपमासोबत पाठराखीण म्हणून विमलच अकोल्याला गेली. नवी नवरी सासरी बावरते, म्हणून आपल्यातली एक जण चार-आठ दिवस तिच्या पाठीशी राहते, ती पाठराखीण. कौशल्याबाईंच्या माजघरात पाय ठेवला आणि विमलला पहिलं काय दिसलं असेल तर ते मशीन. काळं कुळकुळीत, सोनेरी वेलबुट्टीचं, हाताच्या चाकाला चिनीमातीची मूठ. घरात कोणाला सुईत दोरा ओवता येत नव्हता, त्यामुळे त्याच्यावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग ठेवला होता.

"तुले येते म्हणे शिवता?" कौशल्याबाईंनी विचारलं. "मंग बस बापा. उशांच्या खोळी हायेत, परदे हायेत, माहे झंपर हायेत."

विमल बसली. मुठीला हात लागला आणि चाक असं गरकन फिरलं की ती सगळं विसरली. तीन दिवस ती शिवत होती. कौशल्याबाई जाता येता थांबून बघायच्या आणि तोंडभर कौतुक करायच्या. विमलला त्या आवडायला लागल्या होत्या, हे तिचं तिलाच विचित्र वाटत होतं.

चौथ्या दिवशी विमल खोळ शिवत असताना कौशल्याबाईच म्हणाल्या, "हात लय सफाईदार हाये व तुहा. अन् डोकं बी. तुह्या बहिणीनं लग्नाच्या बोलणीच्या बैठकीच्या दिवशीच सांगतलं मले. म्हणे, आमच्या विमीनं असा असा हिशोब काढला, बस्त्याचे शिक्के एका कार्डावर घेतले तर मशीन मिळते, तं तुमी तुमच्या नावानं कार्ड घ्या. मी म्हटलं, कावून व? पोरीनं डोकं चालवलं, पोरीलेच घेऊ दे. तं म्हणे, तिले काय करायचं हाये मशीन? तिचं चांदूरले ठरलं हाये."

विमलच्या हातातलं चाक थांबलं. सुई कापडात तशीच रुतून राहिली.

बोलणीची बैठक मार्गशीर्षात झाली होती. म्हणजे ती पार्वताबाईंच्या पोरींची परकर-पोलकी हातानं शिवत बसली, मोर्शीच्या मावशीच्या पाया पडली, उन्हातान्हात दुकानात खेपा घातल्या, तेव्हा ताईला सगळं माहीत होतं. रात्री कार्ड पुढ्यात घेऊन शिक्के मोजताना ताई तिच्याबरोबर मोजत होती! ठरलं आहे म्हणे! केसानं गळा कापणं यालाच म्हणतात, आणि तो कापणारी शेजारी झोपून तिची वेणी घालणारी बहीण.

दुपारी सगळे झोपले तेव्हा अनुपमा गच्चीवर कुरडया उलटत होती. विमल वर गेली. अकोल्याचं वैशाखातलं ऊन, पाय ठेवला की पोळत होता. ती तशीच उभी राहिली.

"ताई, तू खोटं कावून बोलली? माहं ठरलं नव्हतं."

अनुपमानं हातातली कुरडई खाली ठेवली. मग तिचे डोळे भरून आले.

"मी खोटं नाही बोलली विमे."

"म्हणजे?"

"बाबानं मार्गशीर्षातच शब्द दिला हाये त्याईले. माह्या बैठकीच्या आधी आठ दिवस. चांदूरवाल्याईले घाई नाही, त्याईले पहिलीचं वर्षश्राद्ध होऊ द्यायचं होतं."

"मंग मले जूनपर्यंत..."

"बाबा म्हणे, पोट्टीले कामात गुंतू द्या, नाहीतं घर डोक्यावर घेईन. तोवर माहं लग्न निघून जाईन. शिक्के जमवून राहिली, जमवू द्या."

कोपराला गूळ लावून तिला चाटायला सांगितलं होतं, आणि ती पाच महिने मान वाकडी करून चाटत राहिली होती.

"आईले माहीत होतं?"

अनुपमानं मान डोलावली.

"तुमी तिघं मले पाहून हसत होते का?"

"नाही व! आईची शपथ!" अनुपमानं तिचा हात धरला. "मले रोज वाटे सांगावं. पण मंग वाटलं, तुहं तं ठरलंच हाये, ते मशीन वाया जाईन. माहे सासरचे बैठकीत किती नाराज झाले होते तू पायलं ना? मानपान काहीच नव्हता आपला. म्हटलं, एवढं तरी माह्या हातानं या घरात येईन. मले इथं राहायचं हाये विमे, जन्मभर." मग नाक पुसून ती समजुतीनं म्हणाली, "अन् तुहं कार्ड हाये ना अजून. एक्केचाळीस शिक्के हायेत. तुह्या लग्नाचा बस्ता झाला की ते बी भरीन."

हे ती मनापासून म्हणाली, तेच वाईट होतं. विमलला वाटलं, हिला एक थोबाडीत द्यावी. तिनं हात सोडवून घेतला आणि जिना उतरली. माजघरात येऊन तिनं अर्धी राहिलेली खोळ पुरी केली, कारण कापड बिचाऱ्या कौशल्याबाईंचं होतं, आणि या सगळ्यात तिच्याशी सरळ बोललेलं माणूस तेवढं एकच होतं.

उरलेले दोन दिवस ती ताईशी बोलली नाही. सहाव्या दिवशी चिंतामणराव तिला न्यायला आले. निघताना अनुपमानं तिला बळेबळे आपली मोरपंखी साडी नेसवली. "गाडीत चारचौघांत बसशील, जुन्या पातळात नको," म्हणाली, वेणीत गजरा माळला, आणि रडत रडत तिला दारापर्यंत पोचवलं. कौशल्याबाईंनी तिच्या हातात पाच रुपये कोंबले. "आहेर नाही हा, शिवणावळ हाये. नाही म्हणू नको."

गाडीला गर्दी नव्हती. विमल खिडकीशी बसली, वडील समोर. बापाशी भांडायचं ते घरी गेल्यावर, आईच्या देखत, एकदाच काय ते होऊन जाऊ दे, असं तिनं ठरवलं होतं. मूर्तिजापूर गेलं. तिकीट तपासनीस आला, चिंतामणरावांनी कोटाच्या खिशातून दोन तिकिटं काढून दिली, त्यानं ती उलटसुलट बघितली, चिमट्यानं भोकं पाडली.

"दोन चांदूर," तो म्हणाला आणि पुढे गेला.

अमरावतीला जायचं तर बडनेऱ्याला उतरावं लागतं. चांदूर रेल्वे त्याच्या पुढे. विमलनं वडिलांकडे बघितलं. वडील टोपी काढून तिच्यातली धूळ झटकायला लागले.

"इतक्या जवळ आलोच हाओ तं म्हटलं जाऊन येऊ. त्याईच्या आईले तुले पाहायचं हाये. च्या घेऊ अन् संध्याकाळच्या गाडीनं वापस."

विमलनं अंगावरच्या मोरपंखी साडीकडे बघितलं. वेणीतल्या गजऱ्याला हात लावला. म्हणजे हेही ताईला माहीत होतं.

"बाबा, तुमी मले जूनची मुदत दिली होती."

"दिली होती ना. मी कुठं नाही म्हणून राहिलो?" चिंतामणराव वकिलाकडे वीस वर्षं कारकुनी केलेले. "पण मशीन कुठं मिळालं तुले?"

हे वाक्य त्यांना स्वतःलाही ऐकवलं नाही बहुतेक, कारण बोलून झाल्यावर ते खिडकीबाहेर बघायला लागले. विमलला राग यायला हवा होता, पण तिला नुसती लाज वाटली, त्यांची. लहानपणापासून हा माणूस तिला सगळ्यांत खरा वाटत आला होता.

"शब्द मार्गशीर्षातच दिला तुमी. ताईनं सांगतलं."

"बाप काय पोरीचं वाईट चिंतते?" ते हळू आवाजात म्हणाले. "चांगला माणूस हाये. पक्की नोकरी हाये. पोरं बी गुणाची हायेत. तुले विचारत बसलो असतो तं तू हो म्हटलं असतं?"

"नाही."

"मंग?"

बडनेऱ्याचा फलाट आला, गाडी थांबली. विमलनं बाकाखालून आपली ट्रंक ओढली, दारापर्यंत नेली आणि खाली उतरली. चिंतामणरावांना आधी कळलंच नाही. मग ते खिडकीशी आले.

"विमे, बडनेरा हाये हे."

"माहीत हाये."

"येड लागलं का? चढ आधी. लोक पाहून राहिले."

"बाबा, तुमी उतरा," विमल म्हणाली. "तुमी उतरा, आपण घरी जाऊ. घरून त्याईले पत्र टाका, पोरगी तयार नाही म्हणा. मी कोणाले काही नाही बोलणार. ताईले नाही, आईले नाही, मशीनचं तं नावबी नाही काढणार. पण तुमी उतरा."

चिंतामणराव खिडकीतून दिसेनासे झाले. मग दारात आले. टोपी डोक्यावर, छत्री बगलेत. एक पाय त्यांनी पायरीवर ठेवला. विमलनं ट्रंक बाजूला सरकवून त्यांना उतरायला जागा केली. ते तिच्याकडे बघत होते, आणि मधूनच पुढे, इंजिनाच्या दिशेला बघत होते. तिकडे चांदूरला मंडळी स्टेशनवर घ्यायला आली असतील, चहाला चार माणसं बोलावली असतील, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट वाचता येत होतं. पोरीबद्दल वाचता येण्यासारखं तिथं काही होतं का, ते विमल बघत राहिली.

शिटी झाली. गार्डानं हिरवं निशाण दाखवलं. गाडी हलली तेव्हाही ते पायरीवरच होते. फलाट चांगला लांब होता आणि गाडी अगदी हळू चालली होती, म्हातारं माणूसही सहज उतरलं असतं. विमल फलाटाच्या टोकापर्यंत गाडीच्या बरोबरीनं चालत गेली. बाबा उतरले नाहीत.